माथा राहिला, माणसे परतली

पाऊस ओसरून डोंगरांवर गवत पिवळे पडू लागले, की पुण्यातल्या अनेक घरांत शनिवारी रात्री पाठपिशव्या भरल्या जातात. पहाटे मुळशी-मावळाकडे निघालेली मुले पाहून आईवडिलांना कौतुक वाटते आणि काळजीही. ही काळजी बहुधा सापाची, कड्याची किंवा पावसाची असते. डोंगरातल्या एका धोक्याकडे मात्र कुणाचेच लक्ष जात नाही. मित्रांच्या टोळीत 'आता पुरे, परत फिरू' असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नसतो.

मैत्रीत सगळे सारखे, ही मैत्रीची शोभा आहे. डोंगरावर तीच अंगाशी येते. दमलेला मित्र थट्टेच्या भीतीने गप्प राहतो आणि ज्याच्या पायांत जोर आहे तो पुढे निघून जातो. मधल्यांना वाटते, पुढचा ठरवील. पुढच्याला वाटते, मागून कुणी ओरडत नाही, म्हणजे सारे ठीक आहे. निर्णय कुणीच घेत नाही आणि घड्याळ पुढे सरकत राहते.

याच्या उलट वागलेल्या एका टोळीत मी होतो, म्हणून हे लिहावेसे वाटले. मुठा नदीच्या काठचे मुठा हे गाव पिरंगुटवरून टेमघर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लागते. बारा मावळांपैकी मुठेखोरे ते हेच. ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही सात जण गावामागच्या डोंगराचा माथा गाठायला निघालो. आमच्यातल्या सर्वांत वयस्क मित्राने गावातच एक अट घातली होती. आज निर्णय त्याचा, आणि दुपारी एक वाजता जिथे असू तिथून परत.

अडचणी यायला वेळ लागला नाही. तासाभरात एकाच्या बुटाचा तळ सुटला. तो नाडीने बांधून पुढे निघालो, तर ठळक वाट कारवीच्या रानात शिरून हरवली. गुरांच्या वाटा मात्र दहा दिशांना फुटलेल्या. त्या शोधाशोधीत पाऊण तास गेला. धारेवर पोहोचलो तेव्हा पाण्याच्या बाटल्या निम्म्याहून रिकाम्या झाल्या होत्या आणि घड्याळात एकला पाच मिनिटे होती. माथा समोर दिसत होता.

"अरे, हा काय समोर! वीस मिनिटं फार झाली," एक जण म्हणाला.

"वीस मिनिटं कुणाची? तुझी की ह्याची?" वयस्क मित्राने सर्वांत मागे धापा टाकत बसलेल्याकडे बोट दाखवले. "ह्याची चाळीस धर. मग वर फोटो, मग उतरणं. चला, फिरा मागे."

दोघे रुसले. एकाने तर अर्धा तास तोंड उघडले नाही. दोनच्या सुमारास उतारावर घसाऱ्यावरून त्याचाच पाय मुरगळला. मग त्याला दोन्हीकडून धरून एकेक पाऊल उतरवणे आले. त्यात परतीच्या पावसाची एक जोरदार सर येऊन गेली आणि सुकलेल्या गवताची वाट साबणासारखी निसरडी झाली. आम्ही एका सोंडेवरून खाली वळत होतो, तेवढ्यात दूरवर गुरे राखणारा एक म्हातारा ओरडला, "तिकडं नगा जाऊ! खाली कडा हाय!" त्याने हाताने दाखवलेल्या बाजूला पायवाट होती. दोन तासांची उतरण कितीतरी लांबली. गावात पोहोचलो तेव्हा दिवे लागत होते.

इथे सह्याद्रीची घडण समजून घ्यायला हवी. लाव्हारसाचे थर एकावर एक बसून हा डोंगर झाला आहे. त्यामुळे त्याला पायऱ्या आहेत: एक कडा, मग सपाट पदर, पुन्हा कडा. चढताना कडा समोर उभा दिसतो. उतरताना दिसतो तो फक्त गवताचा उतार; त्याच्या टोकाला काय आहे, ते टोकावर गेल्यावरच कळते. म्हणून चुकलेली वाट चढताना दमवते आणि उतरताना जीव घेऊ शकते. ऑक्टोबरात सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो आणि पश्चिमेला डोंगर असलेल्या खोऱ्यात अंधार त्याआधीच उतरतो. आम्ही त्या दिवशी माथ्यावर गेलो असतो, तर मुरगळलेला पाय घेऊन त्या कड्याच्या तोंडाशी अंधारात उभे असतो, आणि गुरे घेऊन म्हातारा केव्हाच घरी गेला असता.

मोठ्या डोंगरांवरही हाच हिशेब चालतो. स्वीडनचा योरान क्रोप १९९५ मध्ये घरून सायकलवर निघाला तो एव्हरेस्ट चढण्यासाठी. मे १९९६ च्या सुरुवातीला शिखर जेमतेम शंभर मीटर उरले असताना उशीर झाला म्हणून तो परत फिरला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १० मे रोजी, परतण्याची ठरलेली वेळ टळून गेल्यावरही अनेक गिर्यारोहक वर चढत राहिले आणि वादळात सापडले. त्या दोन दिवसांत एव्हरेस्टवर आठ जण गेले, त्यांत तीन भारतीय होते. क्रोप २३ मे रोजी पुन्हा चढला आणि माथ्यावर पोहोचला.

आपल्या जवळचे उदाहरण मे २०२२ चे. दिल्लीहून आलेला एक तरुण अभियंता लोणावळ्याजवळ नागफणीच्या परिसरात एकटाच वाट चुकला. त्याने घरच्यांना फोन करून तसे कळवलेही; मग संपर्क तुटला. पोलीस, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि स्थानिक स्वयंसेवकांनी दऱ्या पालथ्या घातल्या. चार दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला. फोन लागला, म्हणजे माणूस सापडला असे होत नाही. आपल्याकडे शोधाला धावून जाणारे बहुतेक जण स्वतःचे कामधंदे सोडून येणारे गिर्यारोहक आणि गावकरी असतात. त्यांना पोहोचायला काही तास लागतात आणि रात्रीच्या जंगलात शोध फार हळू चालतो.

म्हणून मुलांना अडवू नका, पण निघताना चार गोष्टी विचारा. आज निर्णय कुणाचा? कितीला परत फिरणार? कुठल्या गावातून चढणार आणि कुठे उतरणार? किती वाजेपर्यंत फोन आला नाही, तर आम्ही ११२ ला कळवायचे? उत्तरे कागदावर लिहून घरी ठेवा. सोसायट्या आणि महाविद्यालयांच्या सहलींनीही हा कागद सक्तीचा करावा. त्याला एक पैसा खर्च नाही.

आणखी एक सवय आपण मोठ्यांनीच बदलायला हवी. रविवारी रात्री मूल दारात आले, की आपला पहिला प्रश्न असतो, "वरपर्यंत गेलास का?" या प्रश्नामुळेच परत फिरणे हा पराभव ठरतो आणि तो मुलांच्या मनात बसतो. एखाद्या रविवारी उत्तर 'नाही' असे आले, तर त्या दिवशी त्यांना परत कुणी फिरवले ते विचारा, आणि त्या मित्राला घरी जेवायला बोलवा.