मंत्री महोदय, पुस्तक सुचवणाऱ्या बाईंना किती द्यायचे?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या पगाराचा विषय आपल्याला पाठ आहे, म्हणून प्रस्तावना करत नाही. निवेदनं आपल्या खात्याकडे आहेत, अधिवेशनांतले ठराव आहेत, धरणं धरल्याची कात्रणं आहेत. निवेदन स्वीकारतानाचे फोटोही आहेत आणि त्यात सगळे छान हसताहेत.

मी एका खेड्यातल्या ‘ड’ वर्ग, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातल्या, सार्वजनिक ग्रंथालयाचा कार्यवाह. पद मानद आहे, तेव्हा माझ्या पोटाचा प्रश्न नाही. प्रश्न आमच्या ग्रंथपाल बाईंचा आहे. दर वर्षी त्यांच्या मानधनाच्या व्हाउचरवर सही मी करतो, तिकीट त्या चिकटवतात आणि दोघंही एकमेकांकडे न बघता पुढच्या कामाला लागतो.

हिशेब आपल्याच खात्याचा आहे. ‘ड’ वर्गाला वर्षाला 30,000 रुपये अनुदान होतं. दहा वर्षं तेवढंच होतं. 2022 साली शासनाने 60 टक्के वाढ केली, 30,000चे 48,000 झाले. साठ टक्के! बातमीचा मथळा ठसठशीत होता. आता यातला निम्मा भाग पगाराला धरा: वर्षाला 24,000, म्हणजे महिन्याला 2,000 रुपये. वाढीआधी हाच आकडा 1,250 होता. त्यावर आणखी चाळीस टक्के चढवलेत तरी 2,800च्या वर जात नाही. आपल्याला ही वाटणी पटत नसेल, तर दुसरी करू. एकही पुस्तक घेतलं नाही, एकही वर्तमानपत्र लावलं नाही, वीजबिल थकवलं, खोलीचं भाडं बुडवलं आणि 48,000 रुपये सगळेच्या सगळे बाईंच्या हातात ठेवले, तरी महिन्याला 4,000 होतात. मंत्री महोदय, पुस्तक नसलेल्या ग्रंथालयाचा ग्रंथपालही आपल्या अनुदानात जगत नाही.

वरच्या वर्गात सुबत्ता असेल म्हणाल, तर तेही पाहू. ‘क’ वर्गाला 96,000चे 1,53,600 झाले. निम्मे पगाराचे, त्यात दोन कर्मचारी: माणशी महिन्याला 3,200. जिल्हा-तालुका दर्जा नसलेल्या ‘इतर’ गटातल्या ‘अ’ वर्गाला 2,88,000चे 4,60,800. निम्म्यात चार माणसं: सरासरी 4,800. शेजारी एवढाच आकडा ठेवतो, की रोजगार हमीवर 2025-26 साली महाराष्ट्रातला दर दिवसाला 312 रुपये होता. आमच्या बाईंचे महिन्याचे दोन हजार मातीकामावरचा माणूस सात दिवसांच्या आत मिळवतो, आणि त्यालाही ते पुरत नाहीत. शिवाय आमचं अनुदान महिन्याला येत नाही, हप्त्यांनी येतं. हप्ता कधी यायचा ते आपल्या खात्याच्या सोयीवर. मधल्या महिन्यांत बाई काय खातात, हे विचारणारा कागद अजून आमच्याकडे आलेला नाही.

आपलं नेहमीचं उत्तर आहे, की हे अर्धवेळ काम आहे. थोडे तास उघडायचं, कपाटाला कुलूप लावायचं, घरी जायचं. तेव्हा हे काम काय असतं ते सांगतो.

आमच्याकडे साडेचार हजारांच्या आसपास पुस्तकं आहेत. शहरातल्या एखाद्या प्राध्यापकाच्या घरी एवढी असतात. नवी खरेदी करायची तर चारशे पानांच्या कादंबरीला चार-पाचशे रुपये पडतात, आणि पगार सोडून उरलेल्या पैशांतून वर्तमानपत्रं, मासिकं, वीज, स्टेशनरी सगळं भागवायचं असतं. म्हणजे नवी पुस्तकं येणार मूठभर. अशा ठिकाणी सभासद टिकतो तो एकाच कारणाने: देवघेवीच्या टेबलामागे बसलेल्या माणसाला साडेचार हजार पुस्तकं आणि शे-दीडशे सभासद दोन्ही माहीत असतात. मोठ्या ग्रंथालयात वाचक हरवला तरी कुठल्या तरी कपाटापाशी पोचतो. आमच्याकडे ज्याला योग्य वेळी योग्य पुस्तक सुचवलं गेलं नाही, तो दुसऱ्या महिन्यात वर्गणी थांबवतो. ग्रंथालय जितकं गरीब, तितकी ही सुचवणी महत्त्वाची.

गिरणीवाल्यांच्या सूनबाई ‘मृत्युंजय’ संपवून आल्या आणि म्हणाल्या, असंच आणखी द्या. सगळे हेच म्हणतात. बाईंनी आधी रणजित देसाईंचं ‘राधेय’ दिलं. ते परत आलं तेव्हा इरावती कर्वेंचं ‘युगांत’ काढून ठेवलं होतं. पहिल्या दोन पुस्तकांनी डोक्यावर घेतलेला कर्ण तिसऱ्याने खाली उतरवला. सूनबाई चिडल्या, टेबलाशी उभ्या राहून भांडल्या, आणि आता महाभारतावरचं जे काही आमच्या कपाटात आहे ते क्रमाने वाचताहेत. हा क्रम कुठल्याही यादीत नव्हता. ‘राधेय’च्या आधी ‘युगांत’ दिलं असतं, तर त्या बहुधा परत आल्या नसत्या.

‘फास्टर फेणे’ संपल्याने सुतकात गेलेल्या पोराला त्यांनी ‘फेणे’च्याच लेखकाने, भागवतांनी, मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न दिला आणि तिथून नारळीकरांच्या विज्ञानकथांवर नेऊन सोडलं. आता तो विज्ञानाच्या सरांना प्रश्न विचारतो. सरांची तक्रार माझ्याकडे आली आहे. डोंगरावरच्या शाळेत नव्याने रुजू झालेला शिक्षक बदलीच्या खटपटीत होता. त्याला न मागता ‘बनगरवाडी’ दिली. त्याची खटपट थांबली नाही, हेही सांगतो. पण पुस्तक त्याने मुदतीनंतरही बरेच दिवस ठेवून घेतलं आणि विलंबशुल्क कुरकुर न करता भरलं. शिरवळकरांची ‘दुनियादारी’ पाठ झालेल्या कॉलेजकुमाराला ‘कोसला’ दिली, कारण दोन्हीत पुणं आहे आणि कॉलेज आहे. त्याने दोन दिवसांत आणून आपटली. बाई म्हणाल्या, “असू दे, दिवाळीनंतर परत मागशील.” त्याने मागितली.

यासाठी आधी स्वतः वाचावं लागतं. ते आपल्या ‘अर्धवेळा’त बसत नाही, ते घरी, चुलीपुढे, रात्री होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजोबांना मोठ्या टाइपातलं काय आहे, नवरा गेलेल्या बाईला सध्या काय देऊ नये, कोणत्या घरात मुलीच्या हातातली कादंबरी हिसकावून घेतात म्हणून तिला पातळसं पुस्तक द्यावं, हे सगळं बाईंच्या डोक्यात असतं. आपल्याला पाठवायच्या वार्षिक अहवालात सभासद किती, ग्रंथ किती, नियतकालिकं किती, देवघेव किती, सगळं येतं. बाईंच्या डोक्यातलं काही येत नाही. जे अहवालात येत नाही त्याला दाम नाही, एवढं शासनाचं तत्त्व आम्हाला समजलं आहे.

एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यातले दोन थेट याबद्दलच आहेत: वाचक आणि त्याचा ग्रंथ यांची गाठ घालणं. त्यांच्या जन्मदिवशी, 12 ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो. 15 ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जन्मदिवशी वाचन प्रेरणा दिन. 2025च्या जानेवारीत पंधरा दिवस ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’. सातारा जिल्ह्यातलं भिलार 2017 साली पुस्तकांचं गाव झालं. चांगलं झालं, मी स्वतः जाऊन आलो, स्ट्रॉबेरीही खाल्ली. 2028 साली रत्नागिरीच्या नगर वाचनालयाला 200 वर्षं पूर्ण होतील, तेव्हाही मोठा मांडव पडेल यात शंका नाही. प्रेरणा झाली, संकल्प झाला, गावही झालं. आता वाचणाऱ्याच्या हातात पुस्तक ठेवणाऱ्या माणसाला पगार तेवढा राहिला आहे.

हा पैसा कुठून आणायचा, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. तमिळनाडूत 1948 सालच्या कायद्यापासून मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे. कर्नाटकाच्या 1965 सालच्या कायद्यातही आहे. आपल्या 1967 सालच्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमात तो ठेवला नाही. पैसा कशावर घालायचा, याचाही दाखला आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बडोद्याला बोलावलं, ग्रंथालयाचं खातं उभं केलं, कर्मचाऱ्यांना शिकवायची सोय केली, पेट्यांतून पुस्तकं खेड्यापाड्यांत धाडली. एका संस्थानाला तेव्हा कळलं होतं, की पेटीबरोबर शिकलेला माणूस लागतो. आपणही शिकलेलाच माणूस मागता. ग्रंथपालाला प्रशिक्षण प्रमाणपत्र हवं. त्या अभ्यासक्रमाचं शुल्क, पुस्तकं, तालुक्याला ये-जा असा खर्च करून बाईंनी ते मिळवलं. तो खर्च दोन हजारांतून कधी वसूल व्हायचा, हे गणित मी त्यांना घालत नाही.

प्रभा राव समिती सत्तरच्या दशकात झाली. नवं शतक उजाडताना व्यंकप्पा पत्की समिती झाली. कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणीचा आणि सेवाशर्तींचा विषय तेव्हापासून टेबलावर आहे. प्रभा राव समितीच्या वेळी कामाला लागलेले ग्रंथपाल म्हातारे होऊन गेले. निवृत्त झाले असं म्हणवत नाही, कारण निवृत्तिवेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. ते फक्त यायचे थांबले.

आणि आपला हुकमी मुद्दा: ही ग्रंथालयं संस्थांची आहेत, कर्मचारी संस्थांचे आहेत, शासन केवळ साहाय्य करतं. महोदय, अनुदानित खाजगी शाळाही संस्थांच्याच असतात. तिथल्या शिक्षकाला संस्था नेमते आणि पगार शासनाच्या तिजोरीतून, वेतनश्रेणीप्रमाणे, खात्यात जमा होतो. तिथे संस्थेचं असणं आड आलं नाही. आमच्याकडे कर्मचारी किती असावेत हे आपण ठरवता, त्यांची पात्रता आपण ठरवता, तपासणीला आपला माणूस येतो, दाखल नोंदवहीतला एक आकडा चुकला तर खुलासा मागतो. तपासायला शासन आणि पगार द्यायला संस्था, ही वाटणी कुणाच्या सोयीची आहे ते उघड आहे. संस्थेने आपला दहा टक्के वाटा घालायचा, तो आम्ही गावात झोळी फिरवून घालतो. गणपतीला पाचशे देणारा ग्रंथालयाला एकावन्न देतो. ते आमचं आम्ही पाहू.

एवढंच मागतो. पगाराचं आणि पुस्तकांचं अनुदान वेगळं करा. आज दोन्ही एकाच थैलीत असल्यामुळे प्रत्येक नवं पुस्तक बाईंच्या पगाराशी भांडून आत येतं, आणि ते निवडायला आम्ही बाईंनाच सांगतो. पगाराचा भाग किमान वेतनाच्या हिशेबाने ठरवा. तास कमी असतील तर तासांच्या प्रमाणात द्या, पण दर किमान वेतनाचा असू द्या. तो दरमहा थेट कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात घाला. यासाठी नवी समिती नेमू नका. जुन्यांचे अहवाल आपल्याकडे नसतील, तर कुठल्याही जुन्या ग्रंथालयात मागा. तिथला माणूस काढून देईल.

राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांत वीस हजारांवर माणसं काम करतात. ही मतपेढी होत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण त्यांच्या टेबलासमोर रोज उभे राहणारे सभासद मतदार आहेत. हे पत्र त्यांच्यासाठीही आहे. पुढचं पुस्तक बदलायला जाल तेव्हा आपल्या ग्रंथपालांना त्यांचा पगार विचारा, आणि ऐकलेला आकडा एका पोस्टकार्डावर लिहून आपल्या आमदारांना पाठवा.

आपला,
एका ‘ड’ वर्ग ग्रंथालयाचा कार्यवाह