इसबाच्या डबीत काय नसावे

दिवाळीच्या उटण्याची धांदल ओसरते, थंडी पडू लागते आणि आपल्या सगळ्यांच्या फोनवर एकच विचारणा सुरू होते: 'खाजेवर काही नैसर्गिक आहे का तुमच्याकडे?' विचारणारी बहुधा आई असते. मुलाच्या कोपराच्या लवणीत आणि गुडघ्यामागे कातडी लाल, जाड झालेली असते. रात्रभर खाजवून सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. डॉक्टरांच्या मलमात स्टेरॉइड आहे हे कळल्यापासून ती धास्तावलेली असते. म्हणून ती साबण, तेले, मलमे घरी बनवणाऱ्या आपल्यासारख्यांकडे येते. या भरवशाला आपण कितपत पात्र आहोत, हे तपासायला हिवाळ्याचा हा अंक योग्य वाटला.

आपल्या धंद्याला एक खोड आहे. डबीवर जितक्या वनस्पतींची नावे जास्त, तितकी डबी गुणकारी, असे आपणही मानतो आणि गिऱ्हाइकालाही मानायला लावतो. धडधाकट त्वचेवर हे खपून जाते. इसबाच्या त्वचेवर मात्र तीच खोड अंगाशी येते. या अंकापुरते आमचे म्हणणे एवढेच आहे: खाजऱ्या त्वचेसाठी बनवायचे असेल, तर काय घालायचे यापेक्षा काय घालायचे नाही याची यादी मोठी हवी.

कारण त्वचेच्या रचनेतच आहे. सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो: मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा चुना. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठातील अर्विन मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, फिलॅग्रिन हे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका बराच वाढतो. हे प्रथिन कमी पडले की वरचा थर कच्चा राहतो. आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे नको ते आत शिरते. प्रत्येक इसब याच एका दोषामुळे होतो असे नाही, पण हा थर कमजोर असणे हे जवळजवळ सगळ्यांत आढळते. म्हणजे आपण डबीत जे घालतो, ते या मुलाच्या त्वचेत इतरांपेक्षा अधिक सहज आत जाते. औषधी गुण आत जातील असे मानणाऱ्याने त्रासदायक द्रव्येही त्याच वाटेने जातात, हे विसरू नये.

आधी साबण, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा तोच मुख्य माल. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. त्याचा पीएच साधारण साडेचार ते साडेपाच. तेल आणि कॉस्टिकपासून बनलेल्या कोणत्याही खऱ्या साबणाचा पीएच नऊ-दहाच्या आसपासच राहतो. त्यात शेळीचे दूध घाला, कोरफड घाला, सुपरफॅट आठ टक्के ठेवा; हाताला तो मऊ लागेल, पण अल्कधर्मीच राहील. पीएच वाढला की वरचा थर झिजवणारी विकरे जास्त जोमाने काम करू लागतात. म्हणून 'इसबासाठी खास साबण' ही ओळच आपल्या मालाच्या यादीतून काढून टाकावी. आपला साबण उत्तम असेल, पण तो त्या मुलासाठी नाही, हे सांगण्याने आपली पत जाणार नाही.

आता स्वयंपाकघरातली आणि काष्ठौषधींच्या दुकानातली यादी. लिंबाचा रस आधी वगळा: खाजवलेल्या जागी तो झोंबतो आणि वर ऊन लागले तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळी पडते. बावचीचेही तसेच. तिच्यातले सोरॅलेन उन्हाबरोबर काम करते; कोडावर वैद्य आणि डॉक्टर ते जपून वापरतात, पण कित्येक उटण्यांत आणि तेलांत बावची सहज टाकलेली असते. लसूण चोळल्याने कातडी पोळते. बिब्ब्याचे तर नावच नको: कपड्यांवर खूण करायला परीट बिब्ब्याचा रस वापरत आणि त्या खुणेखालची कातडी फोड येऊन सोलवटे. मुलतानी माती आणि डाळीचे पीठ तेलकट त्वचेला चालेल; इथे ते उरलासुरला ओलावाही शोषून घेते आणि त्याचा रवाळपणा आधीच तडकलेल्या कातडीला घासतो.

सुगंधी तेलांबद्दल थोडे जास्त बोलावे लागेल, कारण माल विकला जातो तो वासावर. लॅव्हेंडर, टी ट्री, गवती चहा, संत्रे यांच्या तेलांत लिनालूल, लिमोनीन, सिट्रल असे घटक असतात. बाटली उघडझाप होऊन हवा लागली की लिनालूल आणि लिमोनीन यांचे ऑक्सिडीकरण होते आणि मग त्यांची ॲलर्जी येण्याची शक्यता वाढते. युरोपीय संघाने २००५ पासून अशा २६ सुगंधी द्रव्यांची नावे ठरावीक प्रमाणाच्या वर गेल्यास वेष्टनावर छापणे बंधनकारक केले, त्यात ही तिन्ही आहेत. ती झाडातून आली की कारखान्यातून, याने त्वचेला फरक पडत नाही. इसबाच्या मलमाला वास नसावा, अगदी मंदसुद्धा.

दूध, बदाम, शेंगदाणा आणि गहू यांची गोष्ट याहून गंभीर आहे. हे पदार्थ पोटात जातात म्हणून त्वचेला सुरक्षित, असा आपला समज. २००३ मध्ये ब्रिटनमध्ये गिडिऑन लॅक आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या इतिहासात, तान्हेपणी सुजलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल असलेली मलमे लावल्याचे अधिक आढळले. जपानमध्ये २०१०च्या आसपास चेहऱ्याच्या एका लोकप्रिय साबणात गव्हाचे विघटित प्रथिन होते. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी जडल्याची नोंद झाली. काहींना तर पोळी-पाव खाऊन चालायला गेले की जिवावर बेतेल अशी रिअॅक्शन येऊ लागली. फुटलेल्या कातडीतून शिरलेले प्रथिन शरीर शत्रू म्हणून ओळखायला शिकते. तेव्हा कच्चे दूध, साय, बदामाची पेस्ट, डाळीचे पीठ हे इसबाच्या जागी लावायचे पदार्थ नव्हेत.

इतके वगळल्यावर हाती काय राहते? पुरेसे राहते. कोकणातल्या आपल्या वाचकांना सांगायला नको: आमसुले आणि आगळ करून उरलेल्या रातांब्याच्या बिया वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर तरंगणारी चरबी काढायची आणि निवल्यावर मुठीत दाबून गोळे करायचे. हेच मुठेल, गोव्याकडचे भिरंडेल. भेगाळलेल्या टाचांना पिढ्यान्‌पिढ्या लावले जाते. स्टिॲरिक आणि ओलेइक आम्लांनी भरलेली ही चरबी सहसा खवट होत नाही, नेहमीच्या हवेत घट्ट राहते आणि अंगाच्या उबेला मऊ होते. खोबरेल तेलाच्या बाजूने तर चांगला पुरावाही आहे. फिलिपीन्समध्ये सौम्य ते मध्यम इसब असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत व्हर्जिन खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळी तेले मात्र सारखी नाहीत. शेफील्डमधल्या २०१३च्या अभ्यासात ऑलिव्ह तेलाने त्वचेचा वरचा थर बिघडला, सूर्यफूल तेलाने तो टिकून राहिला. 'महाग म्हणून चांगले' हा नियम इथे लागू नाही.

साधे मलम असे होते: मुठेल तीस ग्रॅम, खोबरेल साठ ग्रॅम, मधमाश्यांचे मेण दहा ग्रॅम. मेण साठ अंशांच्या पुढे वितळते, म्हणून आधी मेण, मग मुठेल, शेवटी खोबरेल, सगळे पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात. मुठेल पूर्ण वितळू द्यावे आणि मिश्रण डबीत ओतून लवकर गार करावे. सावकाश गार झाले की त्यात दाणे धरतात आणि तेच दाणे कातडीला टोचतात. नागपूरच्या मे महिन्यासाठी मेण थोडे वाढवावे लागेल, महाबळेश्वरच्या डिसेंबरसाठी कमी करावे लागेल. तीन घटक, वरून घातलेला वास नाही, रंग नाही. तरीही कोणालाही देताना आधी दंडाच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहायला सांगावे.

या मलमात पाणी नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. पाणी आले की जंतू आले. गुलाबपाणी, काढे, कोरफडीचा गर घालून फेटलेले क्रीम दिसते देखणे, पण त्यात परिरक्षक नसेल तर काही दिवसांतच ते बुरशीचे घर होते, बुरशी डोळ्यांना दिसो न दिसो. इसबाच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस जंतूंची वस्ती आधीच दाट असते. तिथे दूषित क्रीम लावणे म्हणजे आगीत तेल. शतधौत घृतालाही हे लागू होते. तांब्याच्या परातीत पाण्याने शंभर वेळा धुतलेले तूप पांढरे, गुळगुळीत आणि जवळपास गंधहीन होते, कारण त्यात पाणी मिसळून राहते. ते आपल्या परंपरेतले सुंदर मलम आहे, पण ताजे, थोडे आणि थंड जागी ठेवून वापरायचे. सहा महिन्यांची मुदत छापून दुकानात ठेवायचे नव्हे. पाण्याची उत्पादने करायचीच असतील तर परिरक्षक आणि सूक्ष्मजीव तपासणी दोन्ही करा. त्यातही परिरक्षक निवडताना डोळे उघडे हवेत: मेथिलआयसोथायाझोलिनोनची ॲलर्जी इतकी वाढली की युरोपने ते अंगावर राहणाऱ्या उत्पादनांतून काढून टाकले.

आता एक न आवडणारा मुद्दा. चार-पाचशे रुपयांची तीस ग्रॅमची डबी इसबाच्या उपयोगाची नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शनात इसब असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम स्निग्ध मलम लागते असे म्हटले आहे. आपल्या भावात हा खर्च किती होतो, गुणून पाहा. महाग डबी पुरवून पुरवून, बोटाच्या टोकाने लावली जाते, म्हणजे फुकट जाते. ब्रिटनमध्येच ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट यांची तुलना झाली. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत कोणताही प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. नेमाने आणि भरपूर लावणे हेच महत्त्वाचे. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ, टॉवेलने टिपून घेणे आणि अंग ओलसर असतानाच जाड हाताने मलम, दिवसातून दोनदा तरी. ज्यांना आपला भाव परवडत नाही त्यांना औषधांच्या दुकानातली साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली घ्यायला सांगावे. ती स्वस्त आहे, पाणी अडवण्यात उत्तम आहे आणि तिची ॲलर्जी क्वचितच येते. 'केमिकल' म्हणून तिची बदनामी करून आपण विश्वास कमावत नाही, फक्त विक्री करतो. आपल्याला टिकायचे असेल तर अर्ध्या किलोची, साध्या बरणीतली, रास्त भावाची बांधणी करावी.

दाव्यांबाबत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार प्रसाधन म्हणजे स्वच्छ करणारे, सुंदर दिसायला मदत करणारे. 'इसब बरा करते' असे छापले की ते औषध होते आणि त्याला औषधाचाच परवाना लागतो, आयुर्वेदिक असेल तर त्या पद्धतीचा. नुसते प्रसाधन विक्रीसाठी बनवायलाही २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून उत्पादन परवाना घ्यावा लागतो. घरी बनवले म्हणून सूट नाही. 'कोरड्या त्वचेसाठी' एवढेच म्हणता येते आणि तेवढेच खरे असते.

'तीन दिवसांत गुण' देणाऱ्या अनाम वनौषधी मलमांपासूनही सावध राहा. बर्मिंगहॅममध्ये इसबाच्या रुग्णांनी वापरलेली अशी मलमे तपासली तेव्हा बहुतेकांत तीव्र स्टेरॉइड निघाले. तो अहवाल २००३चा आहे. घाऊक बाजारातला 'हर्बल बेस' आणून त्यावर आपले लेबल चिकटवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. स्टेरॉइड स्वतः खलनायक नाही. डॉक्टरांनी ठरवलेली ताकद, ठरवलेले दिवस वापरले तर चिघळलेला इसब तेच शमवते आणि आपले मलम त्याच्या जोडीला चालते. ते बंद करा, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

शिवाय प्रत्येक खाज इसबाची नसते. कडेने पसरणारे, मधून निवळणारे चट्टे म्हणजे बहुधा गजकर्ण; तेलकट मलमाने त्यावर उपाय होत नाही आणि दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडने ते आणखी फोफावते. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल तर खरूज समजावी; तिथे घरभर एकदम उपचार लागतात. पिवळ्या खपल्या, पू, ताप किंवा एकाएकी उठलेले दुखरे फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर.

तेव्हा पुढचा घाणा चढवण्याआधी तीन कामे उरकून घ्या. लेबलवरून 'इसबावर रामबाण' आणि 'केमिकल-फ्री' खोडा. घटकांची पूर्ण यादी, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक छापा. आणि विचारणा करणाऱ्या आईला द्यायला एक छोटा कागद तयार ठेवा: किती लावायचे, कसे लावायचे आणि काय दिसले तर आपल्याकडे न येता दवाखान्यात जायचे. त्या कागदापायी एखादी डबी कमी खपेल. खपू दे.