चमचाभर औषध, अर्धी गोळी

मंडळी, औषध मोजायची आपली दोन घरगुती मापे आहेत: 'चमचाभर' आणि 'अर्धी गोळी'. माणसांचे त्यावर निभावते (निदान आपण तसे समजतो!). पण हीच मापे घरातल्या कुत्र्या-मांजराला लावणे हा निव्वळ अडाणीपणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चमच्याचेच बघा ना. इतरत्र टेबलस्पून म्हणजे १५ मिलीलिटर, इथे ऑस्ट्रेलियात मात्र २०! आमटीत तेल थोडे जास्त पडले तर काय बिघडते? पण पाच किलोच्या मांजरासाठी हा फरक थोडा नाही.

सांधेदुखीसाठी कुत्र्यांना मेलोक्सिकॅमचे पातळ औषध देतात. त्याच्या खोक्यातल्या सिरिंजवर बऱ्याचदा मिलीलिटरऐवजी किलोच्या रेघा असतात. कुत्रा १८ किलोचा, तर १८ च्या रेघेपर्यंत औषध ओढायचे. गुणाकार नाही, दशांशचिन्ह नाही. ज्याने हे डिझाइन केले त्याला एका इंजिनिअरचा सलाम! गंमत अशी की ही सिरिंज हरवते, मग ड्रॉवरमधली दुसरी वापरली जाते आणि सगळ्यावर पाणी पडते. शिवाय कुत्र्याच्या बाटलीत दर मिलीलिटरला १.५ मिलिग्रॅम औषध असते, मांजराच्या बाटलीत ०.५. म्हणजे बाटल्यांची अदलाबदल झाली की थेट तिप्पट डोस.

याच मेलोक्सिकॅमचा आपल्या गिधाडांशी संबंध आहे. भारतात गुरांना सर्रास डायक्लोफेनॅक टोचत. ते गुरू मेले की गिधाडे त्यावर तुटून पडत आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. हे कोडे २००४ मध्ये उलगडले; तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळजवळ संपली होती. २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केले आणि गिधाडांना सुरक्षित म्हणून मेलोक्सिकॅम पुढे आले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोचतच राहिल्या. अखेर २०१५ मध्ये माणसांची कुपी ३ मिलीलिटरची केली, कारण गाई-म्हशीला तेवढ्याने काय होणार? नुसत्या बंदीने जे साधले नाही, त्यासाठी कुपीचे माप बदलावे लागले!

असो. तर सांगायचा मुद्दा, माणसाचे औषध जनावराला चालतेच असे नाही. कॅसल हिलमध्ये आता बऱ्याच मराठी घरांत कुत्री-मांजरे आहेत. मागे एका ओळखीच्यांचा फोन आला, "मांजराला ताप वाटतोय, पाव क्रोसिन देऊ का?" पाव नाही, कणभरही नाही! पॅरासिटामॉल पचवून बाहेर टाकायची रासायनिक यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. तसेच, कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही गोचीड-औषधांत परमेथ्रिन असते, तेही मांजराला विषच.

गोचिडांचा इथे खरोखरच धाक आहे. या किनारपट्टीवरची एक जात कुत्र्याला चक्क पांगळे करून मारते, म्हणून गोळी हवीच. पण मोठ्या कुत्र्याची गोळी आणून दोन लहानग्यांत वाटण्याची जी 'हुशारी' चालते, ती मला मान्य नाही. औषध गोळीभर सारखे पसरलेले असेल याची खात्री कोण देणार? एका कुत्र्याला जास्त आणि दुसरा गोचिडाच्या तोंडी. वाचले किती डॉलर? एका रात्रीच्या इमर्जन्सी व्हेटच्या बिलापुढे चिल्लर! वजन ठाऊक नसेल तर कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करा. पाचवीतले गणित आहे हो.

राहता राहिले ठेवण्याचे. आपल्याकडे या वस्तू गॅरेजच्या फळीवर जातात. सिडनीच्या या पश्चिम भागात उन्हाळ्यात बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो, आणि खोक्यावर बहुधा ३० अंशांखाली ठेवा असे छापलेले असते. त्यात आजकालच्या गोळ्या मांसाच्या चवीच्या, म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने खाऊच! लहान मुलांना न उघडणारे झाकण लॅब्रॅडॉर दोन मिनिटांत चावून काढतो. तेव्हा घरातले थंड, उंच, दाराचे कपाट बघा, माणसांच्या गोळ्यांपासून वेगळे. आणि ती सिरिंज त्याच खोक्यात, रबरबँड लावून.