पाच मिनिटांच्या स्टार्टचे पाणी

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा उतरला की भोसरीपासून चाकणपर्यंतच्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते : ‘गाडी महिनाभर उभी होती, स्टार्ट केली तर सायलेन्सरमधून पाणी गळतंय.’ कुणी कंपनीच्या बसने कामाला जातो, कुणी मुलाकडे परदेशी गेलेला असतो. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली. अशा धास्तावलेल्या ग्राहकाच्या गळी ‘हेड गॅस्केट गेलं’ हे निदान उतरवायला वेळ लागत नाही. म्हणूनच हा विषय.

हिशेब साधा आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण लिटरभर पाणी तयार होते. सीएनजीत हायड्रोजनचे प्रमाण जास्त, त्यामुळे किलोभर गॅसमागे दोन किलोंहून अधिक. सगळे गरम असले की हे पाणी वाफ होऊन निघून जाते. पण धुरातली वाफ साधारण ५० अंशांच्या खाली थंडावली की तिचे पाणी होते, आणि मागचा सायलेन्सर इंजिनपासून सर्वांत लांब असल्याने सर्वांत शेवटी तापतो. सुरुवातीचे काळपट थेंब म्हणजे तेच पाणी, आतली काजळी घेऊन आलेले.

खरा दोष आहे ‘दर रविवारी पाच मिनिटे स्टार्ट करून ठेवा’ या सल्ल्यात. २०२०च्या लॉकडाउनमध्ये तो घरोघर पोहोचला आणि अजून टिकून आहे. पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये सायलेन्सर तापत नाही. पाणी तयार होते, बाहेर मात्र पडत नाही. ते आम्लधर्मी असते आणि पत्रा आतून खाते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात गंधक ५० वरून १० पीपीएमवर आले, पण गंज थांबलेला नाही. एवढ्या वेळात बॅटरीही धड चार्ज होत नाही, आणि बंदिस्त बेसमेंटमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. तेव्हा ग्राहकाला सांगायचे ते असे : गाडी चालू करून ठेवू नका, वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालवा. ते जमणार नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून गाडी उभीच राहू द्या.

निदानाचा क्रमही तोच. आधी टेस्ट ड्राइव्ह, मग पाना. गाडी पूर्ण गरम झाल्यावर थेंब आणि वाफ थांबली, तर विषय संपला. पांढरा धूर तरीही सुरू राहिला, त्याला गोडसर वास आला, बाहेर कुठे गळती नसताना कूलंट उतरत गेले, तर मात्र कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करा आणि कूलंटमध्ये जळलेला वायू शिरतो आहे का, ते पाहा. नुसत्या ऑइल कॅपखालच्या दुधी साक्यावर भरवसा ठेवू नका. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल, तर तो साकाही बहुधा थंड इंजिनात जमलेल्या वाफेचाच असतो.

आणखी एक. काही सायलेन्सरच्या तळाशी कंपनीनेच पाण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेले असते. ‘लीकेज’ समजून ते वेल्डिंगने बुजवू नका.

यापुढे जॉबकार्डवर नुसते ‘पाणी गळते’ असे लिहू नये. थंड असताना की गरम झाल्यावर, आणि कूलंटची पातळी किती, या दोन नोंदी झाल्याशिवाय हेडच्या बोल्टला हात लावू नये.