विकलेल्या घरांचा हिशेब

ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये इंग्लंडमधील पालिकांच्या भाडेकरूंना घरखरेदीसाठी मिळणारी सवलत मोठ्या प्रमाणात घटविली. या निर्णयाचे मर्म पूर्व लंडनमधील बेकनट्री येथे उमगते. १९२१ ते १९३५ दरम्यान लंडन काउंटी कौन्सिलने येथे सुमारे २६ हजार घरे बांधली. दाटीवाटीच्या वस्त्यांतून आलेल्या कामगारांना घरातले शौचालय आणि मागेपुढे बाग यांचेच अप्रूप होते. १९८० च्या कायद्याने भाडेकरू मालक झाले. मात्र पालिकेची घरे घटली आणि विकलेल्यांपैकी अनेक खासगी घरमालकांकडे गेली. डॅगनहॅमच्या फोर्ड कारखान्यातील मोटारनिर्मितीही २००२ मध्ये थांबली. वसाहत उभी आहे. पण पुढच्या पिढीला तेथेच परवडणारे घर मिळणे दुरापास्त झाले आहे. सवलत घटल्याने विक्रीला आळा बसेल. गेलेली घरे मात्र नव्याने बांधावीच लागतील.