लोला तीनदा का धावते?

आमच्या शाळेत शनिवारी रात्री सभागृहात सिनेमा असतो. सहावीत आलो तेव्हापासून मी तिथे बहुतेक युद्धपटच पाहिले. ते मला आवडतात, तक्रार नाही. पण बारावीत आल्यावर आमच्या तोंडी एक शब्द फार येऊ लागला आणि त्याबद्दल हे सिनेमे फारसे बोलत नाहीत. तो शब्द म्हणजे नशीब.

मागच्या एसएसबीत मी पाचव्या दिवशी कॉन्फरन्सनंतर बाहेर पडलो. चेस्ट नंबर परत केला, बॅग उचलली, घरी फोन लावला. आई म्हणाली, "नशिबात असेल ते कुठे जात नाही रे." शाळेत मित्र म्हणाले, "बॅड लक." एका सरांनी मात्र सांगितले की नशीब वगैरे काही नसते, मेहनत कमी पडली. मला यातले काहीच पूर्ण पटले नाही आणि माझ्याकडे स्वतःचे उत्तरही नव्हते.

सुट्टीत ताईने लॅपटॉपवर 'रन लोला रन' हा जर्मन सिनेमा लावला. टॉम टिक्वरने तो १९९८ साली केला. मोठ्या स्टुडिओचा नाही; १९९४ मध्ये टिक्वरसह चौघांनी काढलेल्या छोट्या संस्थेचा. गोष्ट एवढीच : लोलाचा मित्र मानी एका गुंडाचे एक लाख मार्क ट्रेनमध्ये विसरतो. वीस मिनिटांत पैसे मिळाले नाहीत तर तो मेलाच. लोला बर्लिनच्या रस्त्यांवरून धावत सुटते. आपल्या क्रॉस कंट्रीवाल्यांनी तिचा दम पाहावाच.

पहिल्या फेरीत लोलाला गोळी लागते. पण मला जायचे नाही, असे ती ठरवते आणि गोष्ट पुन्हा सुरू होते. दुसऱ्या फेरीत मानी गाडीखाली सापडतो. पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी फरक कशाने पडतो? जिन्यात कुत्रा घेऊन एक पोरगा उभा असतो, तिथे एक-दोन सेकंद इकडेतिकडे होतात, बस्स. वाटेत तिचा धक्का लागलेल्या बाईचे पुढचे आयुष्य झरझर फोटोंतून दिसते. एका फेरीत त्या बाईला लॉटरी लागते, दुसऱ्या फेरीत भलतेच काही होते.

मला सगळ्यात आवडली ती एक बारीक गोष्ट. पहिल्या फेरीत हातात पिस्तूल आल्यावर सेफ्टी कॅच कसा काढायचा हे मानीला सांगावे लागते. दुसऱ्या फेरीत ती तो स्वतः काढते. काळ मागे गेला, पण शिकलेले तिच्याजवळ राहिले. हे शक्य नाही, कल्पनाच आहे. तरी मी तिथे सिनेमा थांबवून माझ्या पहिल्या ग्रुप टास्कचा विचार केला.

आता कोणी म्हणेल, पाहा, प्रयत्नांती परमेश्वर. नाही. तिसऱ्या फेरीत लोला कॅसिनोत जाते, वीस आकड्यावर दोनदा पैसे लावते आणि दोन्ही वेळा जिंकते. यात मेहनत कुठे आली? शिवाय ती पोहोचेपर्यंत मानीने हरवलेली पिशवी स्वतःच मिळवलेली असते. म्हणजे तिचे धावणे हिशेबात धरले तर फुकट गेले. दिग्दर्शकाने हे लपवले नाही, म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास बसला. लोला धावते कारण तिकडे मानी वाट पाहतोय. यश मिळेल की नाही, हा प्रश्न ती धावताना विचारत नाही.

ताईने मग किश्लोव्स्कीचा 'ब्लाइंड चान्स' दाखवला. हा पोलिश सिनेमा १९८१ मध्ये तयार झाला आणि सरकारने १९८७ पर्यंत अडवला. त्यातही एक तरुण धावत्या ट्रेनमागे पळतो आणि त्याची तीन आयुष्ये दिसतात. तिसऱ्यात तो कशातच पडत नाही, डॉक्टर होतो, संसार करतो, आणि शेवट त्याचाच सर्वांत वाईट. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याने लोलापासूनच सुरुवात करावी.

पालकांना आणि सरांना काळजी वाटेल हे मला कळते. लोला बँक लुटते, जुगार खेळते, तिच्या वडिलांचे बाहेर प्रेमप्रकरण आहे. सातवीच्या मुलांना हा दाखवू नका. पण अकरावी-बारावीचे आम्ही युद्धपटांत दर शनिवारी शेकडो माणसे मरताना पाहतो. दोन माणसे अंथरुणात पडून "मी मेलो तर तू काय करशील?" असे विचारतात, हे पाहून आम्ही बिघडणार नाही. उलट हा प्रश्न आमच्यापैकी अनेकांच्या घरी पुढे कधीतरी विचारला जाईल, आणि आज त्याबद्दल आम्ही डॉर्मिटरीत चेष्टेशिवाय बोलू शकत नाही.

माझी मागणी मोठी नाही. महिन्यातला एक शनिवार वरच्या वर्गांना अशा सिनेमासाठी द्यावा. 'रन लोला रन' साधारण ऐंशी मिनिटांचा आहे. मेसमधले जेवण आटोपून लावला तर लाइट्स आउटच्या आत संपतो, आणि दहा मिनिटे भांडायलाही उरतात.