यंत्रद्वारा शिक्षण व शेतकरी मंडळे

शेतकऱ्यास नव्या ज्ञानाची जरूर आहे, हे आता कोणास पटवून द्यावयास नको. प्रश्न आहे तो ते ज्ञान त्याच्या हातून शेतात उतरावे कसे, हा. शिरूर व दौंड तालुक्यांतील बहुतेक बागायतदारांच्या खिशात आज मोबाइल आहे. हवामानाचे अंदाज, खतांची कोष्टके व तज्ज्ञांची व्याख्याने त्यावर दिवसभर येत असतात. तरीही ऐकलेल्या दहा गोष्टींपैकी एक तरी आपण रानात करून पाहतो काय, याचा वाचकांनी प्रांजळपणे विचार करावा. आमच्या मते दोष यंत्राचा नाही. एकट्याने ऐकून सोडून देण्याच्या आपल्या रीतीचा आहे.

हे मत केवळ तर्काचे नव्हे. आपल्याच जिल्ह्यात त्याची परीक्षा होऊन गेली आहे. सन १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या तत्कालीन पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. एकेका मंडळात वीसएक माणसे असत. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर आपसांत चर्चा करावयाची, आणि उरलेल्या शंका केंद्राकडे लिहून धाडावयाच्या, अशी पद्धती होती. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची तपासणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान पुष्कळ वाढलेले दिसले. जेथे नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हते, तेथे वाढ अल्पच आढळली. पुढे १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली.

आता आपल्याकडील एकच प्रश्न घेऊ. दौंडच्या कालवापट्ट्यात उसास वर्षानुवर्षे अतोनात पाणी देऊन जमिनी बिघडत आहेत. सन २०१५ पासून सरकारच्या योजनेतून मृद आरोग्य पत्रिका मिळते. तीत सामू, क्षारता आदी बारा बाबी असतात. एकट्याने वाचणारास तो आकड्यांचा कागद वाटतो व कपाटात जातो. परंतु दहा जणांच्या पत्रिका शेजारी शेजारी मांडल्या, म्हणजे कालव्यालगतचे रान व माळावरचे रान यांतील भेद सहज ध्यानी येतो. नुसत्या खारवट जमिनीस निचरा हवा. चोपण जमिनीस निचऱ्याबरोबर जिप्समही लागते. हा भेद न कळता खारवट रानात जिप्सम टाकणाराचा पैसा वाया जातो. शिवाय निचऱ्याचा चर ओढ्यास न्यावयाचा, तर तो बहुधा शेजाऱ्याच्या रानातूनच जाणार. तेव्हा शेजाऱ्यासही ही गोष्ट पटलेली असली पाहिजे.

कोणी म्हणेल, मोबाइलवर आमचे ग्रुप आहेतच. आहेत खरे, परंतु त्यांत सल्ला कोणता व दुकानदाराची जाहिरात कोणती, हे निवडून काढणे कठीण, आणि ज्या रानाविषयी बोलावयाचे ते समोर नसते.

शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने हेच तत्त्व मुलांपुरते दाखवून दिले. तेथील मुलांच्या हाती आलेल्या टॅबचे कौतुक झाले. पण शाळेस बळ आले ते गावकऱ्यांच्या सहभागाने व मुले एकमेकांस शिकवू लागल्याने. शेतकी खात्याच्या शेतीशाळांचे मूळही याच विचारात आहे. सन १९८९ मध्ये इंडोनेशियातील भातशेतकऱ्यांत सुरू झालेल्या या पद्धतीत शेतकरी स्वतः पिकाचे निरीक्षण करतात, चर्चा करतात व मगच निर्णय घेतात.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक गावी पंधरा-वीस शेतकऱ्यांचे मंडळ असावे. खुरपणी व कांदानिवड करणाऱ्या स्त्रियांस त्यात अवश्य घ्यावे. पंधरवड्यातून एकदा शाळेत वा सोसायटीच्या कचेरीत जमून अर्धा तास एकच विषय पडद्यावर पाहावा व दुप्पट वेळ त्यावर बोलावे. एका सभासदाने अर्ध्या एकरावर नवी रीत व शेजारच्या अर्ध्यावर जुनी रीत ठेवून, दोहोंचा खर्च व उतारा पुढील बैठकांत मांडावा. न सुटलेल्या शंका चिटणीसाने बारामती वा नारायणगाव येथील कृषि विज्ञान केंद्राकडे पाठवाव्या व आलेले उत्तर सर्वांस वाचून दाखवावे.

यास मोठा खर्च नाही. नियमितपणा मात्र हवा. येत्या रब्बीपूर्वी दोन्ही तालुक्यांतील सभासदांनी निदान एकेका गावी आरंभ करावा, आणि पहिल्या बैठकीस प्रत्येकाने आपली मृद आरोग्य पत्रिका बरोबर आणावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.